महिला बी.एड. कॉलेजला ॲडमिशन घेताय? सीईटी ते इंटर्नशिप, सगळं क्रमाने

दरवर्षी बी.एड.च्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की माझ्या फोनवर मेसेज यायला लागतात, कुणाची चुलत बहीण, कुणाची वहिनी, कुणाची शेजारीण, आणि प्रश्न सगळ्यांचे सारखेच: कागद काय लागतात, रोज जावं लागतं का, साडी रोज नेसावी लागते का, पदरात लहान मूल आहे तर जमेल का. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. मी महाराष्ट्रातल्याच एका महिला कॉलेजातून बी.एड. केलंय आणि सध्या शाळेत शिकवते. एक गोष्ट आधीच सांगते, बी.एड.चा अभ्यास डोक्याला फार जड नसतो, जड होतं ते साठलेलं काम. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ज्या मुली रडकुंडीला येतात त्यांच्यात चांगल्या हुशार मुली असतात, फक्त पाठाची वही आज नको उद्या लिहू, सही नंतर घेऊ, असं करत त्या तिथवर आलेल्या असतात.

१. आधी बघा, तुम्हाला बी.एड.च हवंय का

बऱ्याच जणींना वाटतं की बी.एड. झालं म्हणजे कुठल्याही वर्गाला शिकवता येतं. तसं नाहीये. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजूनही सगळे डी.एड.च म्हणतात ते. ऑगस्ट २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्टच केलंय की बी.एड.वाल्या प्राथमिकच्या त्या वर्गांना पात्र धरल्या जाणार नाहीत. म्हणून ज्यांना अगदी छोट्या मुलांना शिकवायची हौस आहे त्यांनी इथेच थांबून विचार करा, दोन वर्षं घालवून मग कळलं तर फार वाईट वाटतं.

पात्रता साधी आहे, कुठल्याही शाखेची पदवी आणि ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. इंजिनिअरिंगवाल्यांना ५५ लागतात. ४९.६ आहेत, राउंड होऊन ५० धरतील या भरवशावर राहू नका. कोर्स २०१५पासून दोन वर्षांचा झालाय, त्यामुळे आत्या-मावशी जे सांगतात ना की आमचं तर एका वर्षात झालं, ते त्यांच्या काळात खरं होतं. एक वर्षाचं बी.एड. परत येणार अशा बातम्याही मधेमधे फिरतात, पण तुमच्या वर्षाच्या माहितीपत्रकात जे छापलंय तेच धरून चाला.

२. सीईटी

राज्याचा सीईटी सेल ही परीक्षा घेतो, कॉम्प्युटरवर असते, १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. मानसिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३० प्रश्न. मराठीतूनही देता येते. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजला जायचं असेल तर त्यासाठी वेगळी भाषा चाचणी असते, ती फॉर्म भरतानाच निवडायची, नंतर आठवलं तर उपयोग नाही.

क्लास लावायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न वेळ खातात, तेवढ्याचा सराव घड्याळ लावून करा. अभियोग्यतेचे प्रश्न म्हणजे वर्गात मूल सारखं बोलतंय तर शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल असे असतात, तिथे शिक्षा, बाहेर उभं करणं, पालकांकडे तक्रार हे पर्याय सहसा बरोबर नसतात. निगेटिव्ह नाही म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही.

३. कागदपत्रं, इथेच निम्म्या जणी अडकतात

सीईटीचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात ही यादी घेऊन बसा, निकालाची वाट बघू नका:

– दहावी, बारावीची मार्कशीट
– पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची मार्कशीट, फक्त शेवटची चालत नाही
– शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला
– डोमिसाइल
– जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन क्रीमीलेअर, जे लागू असेल ते
– ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून असाल तर राज्याच्या नमुन्यातला चालू वर्षाचा दाखला
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– मधे शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
– दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन
– आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं
– लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र

ही शेवटची ओळ महिला कॉलेजात सगळ्यात जास्त रडवते. आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणी लग्न झालेल्या असतात, मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी, कारण बँकवाल्याने वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव टाकून आडनाव जुनंच ठेवलेलं असतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बी.एड. पूर्ण होईपर्यंत मार्कशीटवर जे नाव आहे त्याच नावाने फॉर्म भरायचा आणि बाकीच्या कागदांना जोडणारा पुरावा म्हणून विवाह नोंदणी लावायची. मधेच नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. आणि जातीचा दाखला माहेरचाच चालतो, लग्नाने जात बदलत नाही, त्यामुळे सासरच्या नावाने नवीन काढायला धावपळ करू नका.

दुसरा सापळा नॉन क्रीमीलेअरचा. त्यावर मुदत लिहिलेली असते आणि ती त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतची लागते. म्हणजे २०२६ला ॲडमिशन तर ३१ मार्च २०२७पर्यंतची. फाइलमध्ये दाखला आहे म्हणून निर्धास्त बसतात आणि पडताळणीच्या दिवशी कळतं की तो मागच्याच वर्षी संपलाय, मग सीट ओपनमध्ये जाते. आजच उघडून तारीख बघा. जात वैधतेचं काम तर लांबतंच, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज टाकून ठेवा.

स्कॅन करताना मोबाइलने तिरके फोटो काढून टाकू नका, कडा कापल्या गेल्या की अर्ज परत येतो. प्रत्येक कागदाची वेगळी फाइल, नाव नीट द्या आणि ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, दोन वर्षांत हे सगळं निदान चार ठिकाणी परत लागणार आहे.

४. कॅप राउंड आणि कॉलेज निवडणं

निकालानंतर कॅपची, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेची नोंदणी, कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी, तात्पुरती मेरिट लिस्ट, हरकती, अंतिम लिस्ट, मग पसंतीक्रम भरणं आणि मग अलॉटमेंट असा क्रम असतो. तात्पुरत्या लिस्टमध्ये स्वतःचं नाव, प्रवर्ग, टक्के नीट बघा. हरकतीचे दिवस मोजकेच असतात आणि ते गेले की कुणी ऐकत नाही.

महिला कॉलेज कसं शोधायचं? कॉलेजच्या यादीत प्रत्येकापुढे फक्त मुलींसाठी की सर्वांसाठी हे दिलेलं असतं. एसएनडीटी महिला विद्यापीठाची स्वतःची बी.एड. कॉलेजं आहेत, मुंबईत चर्चगेटला आणि पुण्यात कर्वे रोडला, शिवाय संलग्न कॉलेजं बाहेरगावीही आहेत. महर्षी कर्व्यांनी १९१६ला हे विद्यापीठ सुरू केलं ते आपण शाळेत वाचलेलंच असतं. पण सगळी महिला बी.एड. कॉलेजं एसएनडीटीची नसतात, काही तुमच्या भागातल्या विद्यापीठाला जोडलेली असतात, मग पेपर, पाठांची संख्या, मार्कांची विभागणी त्या त्या विद्यापीठाप्रमाणे बदलते. म्हणून दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या नोट्स डोळे झाकून घेऊ नका, आधी दोघींचं विद्यापीठ एकच आहे का बघा.

पसंतीक्रम भरताना मी तीन गोष्टी बघायला सांगते: घरापासून अंतर, सराव पाठाच्या शाळा (जिथे जाऊन खऱ्या वर्गावर शिकवायचा सराव करायचा त्या) कॉलेजपासून किती लांब आहेत, आणि हॉस्टेल. इमारत केवढी आहे, गॅदरिंग कसं होतं हे नंतर बघा. पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे जायची खरंच तयारी आहे, उगाच मोठं नाव म्हणून वर टाकायचं आणि लागल्यावर लांब पडतं म्हणून डोक्याला हात लावायचा असं नको.

आणि हो, एजंट. कॉलेजला यायचीच गरज नाही, फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो, असं सांगणारे फोन येतातच. एनसीटीईचा, म्हणजे शिक्षक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचा नियम आहे की थिअरी आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. जो हे सोडून वेगळं सांगतो त्याला पैसे द्यायचे नाहीत, एवढं साधं आहे. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का, तेही ॲडमिशनआधीच तपासा.

५. फी आणि स्कॉलरशिप

जुलै २०२४च्या जीआरनंतर ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतलेल्या मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. सगळी फी नाही, ही दोनच. विकास निधी, लायब्ररी, अनामत, ओळखपत्र, साडीचे पैसे हे वेगळे लागतात, तेव्हा घरून निघताना अगदीच रिकाम्या हाताने जाऊ नका. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर ही सवलत नाही. इतर प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या पूर्वीपासून आहेतच, अर्ज सगळ्यांचा महाडीबीटी पोर्टलवर. हॉस्टेलला किंवा रूम करून राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ती बऱ्याच जणींना माहीतच नसते, तिचे निकष वाचून घ्या.

पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात, तुम्ही फॉर्ममध्ये कुठलं खातं डोळ्यासमोर ठेवलंय त्यावर नाही. कधीतरी गॅस सबसिडीसाठी उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे तिकडे जाऊन अडकतात. बँकेत जाऊन कुठलं खातं लिंक आहे ते विचारा. दुसऱ्या वर्षी अर्ज परत रिन्यू करावा लागतो, आपोआप होत नाही.

६. मेथड निवडताना

ॲडमिशन झालं की लगेच विचारतात, मेथड कुठली? म्हणजे तुम्ही कुठला विषय शिकवायची पद्धती शिकणार. तुमच्या पदवीच्या विषयाशी जुळणारी मेथड घ्या, मैत्रीण मराठी घेतेय म्हणून मी पण असं करू नका. पुढे भरतीत पदवीचा विषय आणि अध्यापनाचा विषय बघतात, बी.एस्सी. करून इतिहासाची मेथड घेतली तर तिथे उगाच प्रश्न उभे राहतात. गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या मेथडला मुली घाबरतात, पण शाळांना याच विषयांच्या शिक्षिका हव्या असतात, जमत असेल तर सोडू नका.

७. सूक्ष्म अध्यापन

पहिल्या सेमिस्टरला वर्गात मैत्रिणींनाच विद्यार्थिनी समजून शिकवायचं असतं. एका वेळी एकच कौशल्य: सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), प्रश्न, स्पष्टीकरण, प्रबलन (शाबासकी देऊन उत्साह वाढवणं), चेतक बदल (आवाज, हावभाव, हालचाल बदलत राहणं), फलक लेखन (फळ्यावर लिहिणं) वगैरे. एक चक्र ३६ मिनिटांचं धरतात, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणं, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. पहिल्यांदा सगळ्यांना हसू येतं कारण समोर बसलेली तीस वर्षांची बाई हात वर करून 'बाई, मी सांगू?' म्हणत असते. हसून घ्या, पण प्रत्याभरण खरं द्या. छान झालं, मस्त झालं लिहून एकमेकींच्या वह्या भरल्या तर पुढे खऱ्या वर्गात मुलं दाखवून देतात काय छान झालं होतं ते.

फलक लेखनाचा सराव कागदावर होत नाही. कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात थांबा, फळ्यावर एक वाक्य लिहा आणि शेवटच्या बाकावर जाऊन वाचा. बहुतेक जणींची ओळ उजवीकडे खाली किंवा वर सरकते, कारण आपण एका जागी उभं राहून हात लांबवतो. लिहिता लिहिता पायांनी सरकायचं, हात डोळ्याच्या उंचीवरच ठेवायचा. खडू नवा असेल तर आधी अर्धा मोडून घ्या, आख्खा खडू किंचाळतो.

८. पाठ टाचण आणि सराव पाठ, खरं बी.एड. इथे आहे

टाचण म्हणजे पाठाचं लेखी नियोजन. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, मूल्यमापन, स्वाध्याय, आणि बाजूला उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन असे रकाने. रकान्यांचा नमुना प्रत्येक कॉलेजात थोडा वेगळा, म्हणून मार्गदर्शक बाईंकडून पहिल्याच दिवशी नमुना टाचण मागून घ्या आणि झेरॉक्स वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून टाका. उद्दिष्टाखाली 'मुलांना समजते' असं लिहू नका, ते मोजता येत नाही. आठवते, ओळखते, फरक सांगते, कारणे देते, उदाहरण देते, आकृती काढते, असं लिहा, म्हणजे बाई लाल पेन उचलणार नाहीत.

क्रम असा ठेवा. शाळेतून घटक घेतला, त्याच दिवशी पुस्तक वाचलं, दुसऱ्या दिवशी कच्चं टाचण, तिसऱ्या दिवशी बाईंना दाखवून दुरुस्ती, मग फेअर आणि सही. सहीशिवाय पाठ घ्यायचा नाही, आणि पाठ झाल्या झाल्या निरीक्षणाच्या वहीवर शेरा आणि सही त्याच दिवशी, त्याच शाळेत. नंतर घेऊ म्हणालात की बाई दुसऱ्या शाळेच्या निरीक्षणाला, मग परीक्षेच्या ड्युटीवर, मग सुट्टीवर, आणि तुम्ही स्टाफरूमच्या दाराशी वही घेऊन उभ्या. मी एवढ्या मुली त्या दाराशी उभ्या बघितल्यात की हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहायची इच्छा होतेय.

आता प्रस्तावनेचे प्रश्न, कारण पाठ इथेच बसतो किंवा पडतो. समजा सातवीला भूगोलात भरती-ओहोटी आहे. बहुतेक टाचणांत पहिला प्रश्न असतो, तुम्ही समुद्रकिनारी गेलात तर तुम्हाला काय दिसेल? टाचणात विद्यार्थी कृतीच्या रकान्यात तुम्ही लिहिलेलं असतं 'लाटा'. वर्गात पहिलं उत्तर येतं 'भेळवाला'. मग उंट, घोडागाडी, कुणाची तरी सहल, आणि पाच मिनिटं गेली. यात मुलांची काय चूक, प्रश्नच मोकळा सोडलेला. त्याऐवजी असं सांगा, सकाळी सहाला किनाऱ्याला बांधलेली होडी पाण्यावर हलत होती, दुपारी बाराला तीच होडी चिखलात टेकलेली होती, दोर तोच, जागा तीच, मग पाणी कुठे गेलं? आता भेळवाल्याला जागाच उरत नाही. आणि एखादा शहाणा पहिल्या फटक्यात 'ओहोटी' म्हणाला तर दचकू नका, तुमचे पुढचे तीन प्रश्न वाया गेले म्हणून त्याला गप्प बसवू नका, त्यालाच विचारा मग रात्री होडीचं काय होईल.

घरी आरशासमोर पाठ म्हणून बघा असं सगळे सांगतात, मला ते फारसं पटत नाही, आरसा प्रश्न विचारत नाही. घरातलं एखादं मूल पकडा, नाहीतर हॉस्टेलची रूममेट पकडा आणि तिला मुद्दाम वाकडी उत्तरं द्यायला सांगा.

वेळेचं म्हणाल तर पस्तीस मिनिटांच्या तासात हातात येतात तीसच, कारण हजेरी, आधीच्या सरांचा फळा पुसणं, कुणाचा डबा सांडणं हे सगळं असतं. मूल्यमापनाला शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. बेल झाली आणि मूल्यमापन राहिलं की तोच शेरा सगळ्यांच्या वहीत सापडतो.

साडीबद्दल, कारण विचारणाऱ्या फार असतात. बहुतेक महिला कॉलेजांत सराव पाठाला आणि कार्यक्रमाला गणवेशाची साडी असते, बाकी दिवशी पंजाबी ड्रेस चालतो, काही ठिकाणी रोज साडीच. सवय नसेल तर कॉलेज सुरू व्हायच्या आधी घरी चार दिवस नेसून काम करून बघा, जिना चढा, फळ्याच्या वरच्या टोकाला हात न्या. पदर पिनअपच करा, मोकळा पदर खडूच्या धुळीत जातो आणि खाली वाकलं की मुलांचं लक्ष पाठावरून उडतं. पर्समध्ये सेफ्टी पिना, खडू, डस्टरला फडकं, सेलोटेप आणि चार्ट लावायला दोरा कायम असू द्या, शाळेत मागायला गेलात तर तास संपेल.

शैक्षणिक साहित्यावर पैसे उधळू नका. विकतचा चकचकीत चार्ट लांबून दिसतही नाही. साध्या कार्डशीटवर जाड मार्करने मोठी अक्षरं, तीनच रंग. खऱ्या वस्तू मिळत असतील तर चार्ट नकोच, पानांचे प्रकार शिकवायला पानंच न्या.

९. महिला कॉलेजात काय वेगळं असतं

वर्गात एकीकडे आत्ताच बी.ए. झालेली एकवीस वर्षांची मुलगी आणि दुसरीकडे जिचा मुलगा नववीत आहे अशी ताई. पहिल्या आठवड्यात दोन गट पडतात, ते पडू देऊ नका. ताईंना मुलं सांभाळायची जन्माची प्रॅक्टिस असते, वर्ग कसा गप्प करायचा ते त्या दोन मिनिटांत शिकवतील, आणि त्यांना पीपीटी, गूगल फॉर्म जमत नाही ते तुम्ही करून द्या. गटकार्यात हीच जोडी सगळ्यात चांगली चालते.

दुसरं म्हणजे सगळंच आपल्याला करावं लागतं, आणि हे मला फार आवडलं. बाक हलवणं, मंडप, माइकची वायर, प्रोजेक्टर का लागत नाही ते बघणं, कुणी मुलगा येऊन करेल म्हणून वाट बघायची सोय नाही. परिपाठ, सुविचार, दिनविशेष, सूत्रसंचालन हे पाळीपाळीने येतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती प्रत्येक कॉलेजात होतेच, भाषण तुमच्या गळ्यात पडणार हे धरून चाला, आणि १८४८, भिडे वाडा एवढ्यावर न थांबता जरा नीट वाचून बोला, कारण त्याच पाच ओळी दरवर्षी ऐकून बाईंना पाठ झाल्यात.

तोटा एकच सांगते. सराव पाठाच्या शाळाही बऱ्याचदा मुलींच्याच मिळतात, मग पहिल्या नोकरीत नववीच्या मुलांचा वर्ग समोर आला की आवाज बसतो. म्हणून शाळा निवडायची संधी मिळाली तर मुलं-मुली एकत्र असलेली शाळा आवर्जून मागा.

हॉस्टेलला राहणार असाल तर आत यायची वेळ, सही रजिस्टर, स्थानिक पालक हे नियम आधीच विचारा. सराव पाठाच्या शाळा सकाळच्या असतील तर मेसचा डबा तेवढ्या लवकर मिळतो का, हेही विचारा, नाहीतर उपाशीपोटी पाठ होतात. काही त्रास झाला, कॉलेजात किंवा शाळेत, तर प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच लागते, तिच्या सदस्यांची नावं फलकावर असतात, फोटो काढून ठेवा.

लहान मूल असलेल्यांसाठी: जमतं, पण घरच्यांशी बोलणं ॲडमिशनच्या आधी करा. जाऊन बघू, जमलं तर जमलं, असं नाही. कुठल्या आठवड्यात पाठ, कुठल्या महिन्यात इंटर्नशिप हे कॉलेजकडून घेऊन कॅलेंडरवर खुणा करून भिंतीला लावा, म्हणजे त्या दिवसांत पाहुणे बोलवायचे नाहीत हे सगळ्यांनाच दिसतं.

१०. इंटर्नशिप

पहिल्या वर्षी साधारण ४ आठवडे आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत असतात. जुन्या बाई याला छात्रसेवाकाल म्हणतात. इथे तुम्ही शाळेच्या शिक्षिकेसारख्याच, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत. ऑफ तास तुमच्याकडेच येणार, त्यावर कुरकुर करू नका, निरीक्षक मागे बसलेले नसतात असा वर्ग तिथेच मिळतो. एखादी गोष्ट, कोडं, व्याकरणाचा खेळ कायम तयार ठेवा.

तास नसेल तेव्हा स्टाफरूममध्ये मोबाइल बघत बसण्यापेक्षा क्लार्ककाकांकडे बसा. जनरल रजिस्टर, कॅटलॉग, दाखला कसा लिहितात, यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती कशी भरतात, आकारिक (वर्षभराच्या कामाचे) आणि संकलित (सत्र परीक्षेचे) मार्क कसे बसवतात, हे बी.एड.च्या पुस्तकात चार ओळींत असतं आणि नोकरीत रोज असतं. विचारलं की ते आनंदाने दाखवतात, कारण त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

दैनंदिनी रोजच्या रोज लिहा, आठवड्याची एकदम लिहिली की सगळे दिवस सारखे दिसतात आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. मुख्याध्यापकांची सही घेताना शाळेचा शिक्काही घ्या, शिक्का राहिला म्हणून परत चकरा होतात. हजेरीच्या ९० टक्क्यांचा हिशोब स्वतः ठेवा, लग्नसराई आली की दोन-दोन दिवस करत कधी खाली येते कळत नाही.

११. बाकीची कामं, थोडक्यात

घटक चाचणी काढताना संविधान तक्ता, म्हणजे कशाला किती गुण याचा आराखडा करावा लागतो. उद्दिष्टं, घटक, प्रश्नप्रकार, तिन्हीकडून गुणांची बेरीज सारखी यायला हवी. आधी तक्ता आणि मग प्रश्न असाच क्रम ठेवा, उलट केलं की खोडरबर झिजतं. कृति संशोधनाला, म्हणजे वर्गातली एखादी अडचण घेऊन त्यावर उपाय करून बघण्याच्या प्रकल्पाला, छोटा विषय घ्या. 'ग्रामीण शिक्षणाच्या समस्या' हा विषय नाही, तो ग्रंथ आहे. सातवीच्या एका तुकडीच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, आधी चाचणी, मग तीन आठवडे सराव, मग परत चाचणी, एवढं पुरतं. आणि आकडे खरे टाका, सगळ्यांच्याच चुका शून्यावर आलेल्या दाखवल्या तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

१२. निघताना

दुसऱ्या वर्षी टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी बाजूने सुरू ठेवा. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. केंद्राची सीटीईटीही चालते, दोन्ही द्या. बालमानसशास्त्र बी.एड.च्या पेपरातलंच आहे, त्यामुळे त्याच्या नोट्स परीक्षा झाली म्हणून रद्दीत टाकू नका. सरकारी आणि अनुदानित शाळांची भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते, त्यासाठी टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी, २०० प्रश्न, २ तास. टीईटी आणि टेट ही दोन वेगळी आहेत, नावात गोंधळून एकच फॉर्म भरणाऱ्या दरवेळी सापडतात.

कॉलेज सोडताना मूळ कागदपत्रं मोजून परत घ्या, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घ्या, अनामत रकमेचा अर्ज द्या, लायब्ररीची ना-हरकत घ्या. आणि पाठाच्या वह्या कॉलेजात जमा होणार असतील तर त्याआधी निदान चांगल्या पाठांची टाचणं स्कॅन करून ठेवा, मुलाखतीला गेल्यावर शाळा डेमो तास मागतात आणि तोही बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी.